न घडलेल्या अपंगत्वाचा हिशोब

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षी किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती जणांना सवलत देण्यात आली, याची कोष्टके आपणांस या अहवालाच्या पुढील पानांत वाचावयास मिळतील. ती कोष्टके आमच्याच कार्यालयात तयार होतात आणि लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरेही आम्हासच द्यावी लागतात. परंतु रुग्णालयाच्या कार्याचा एक भाग असा आहे की, त्यासाठी कोणत्याही कोष्टकात रकाना नाही. जे अपंगत्व येणार होते पण आले नाही, किंवा जे पाच वर्षांनी यावयाचे ते दहा वर्षांनी आले, त्याची नोंद कोठे करावयाची? मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच 'एमएस', या आजाराच्या निमित्ताने हा प्रश्न आज आपल्यापुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राचा अधिकार आमचा नव्हे. तथापि औषधे खरेदी करणे, निधी उभा करणे आणि कोणत्या कामास अग्रक्रम द्यावा हे विश्वस्तांपुढे मांडणे ही आमची जबाबदारी असल्याने, या विषयातील संशोधन आम्हास समजून घ्यावे लागले.

आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील आवरणाप्रमाणे ते संदेशांचे वहन जलद व निर्वेध ठेवते. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच या आवरणावर हल्ला करते. कोणाची दृष्टी एकाएकी मंदावते, कोणाचा पाय बधिर होतो, कोणाचा तोल जातो, कोणाचे लघवीवरील नियंत्रण सुटते. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सुस्पष्ट वर्णन केले. आज जगभरात २८ लाखांहून अधिक व्यक्ती या आजारासह जगत आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये याचे प्रमाण किमान दुप्पट आहे आणि निदान बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते. शिक्षण संपून नोकरी लागावी, संसार मांडला जावा, मुले लहान असावीत, अशा वयात हा आजार दारात येऊन उभा राहतो.

हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. युरोपच्या तुलनेत आपल्याकडील प्रमाण कमी आहे, हे खरे. परंतु मुंबईचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये पारशी समाजातील एमएसचा अभ्यास प्रसिद्ध करून, हा आजार आपल्या शहरांतही आहे याकडे लक्ष वेधले. एमआरआय यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचल्यानंतर तर पूर्वी 'अशक्तपणा', 'मणक्याचा त्रास' किंवा 'मनाचा खेळ' म्हणून परत पाठविल्या गेलेल्या अनेकांच्या आजाराला खरे नाव मिळाले.

उपचारांचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. एमएसचा मार्ग बदलणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा-१बी, अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झाले. ग्लाटिरामर १९९६ मध्ये आले. फिंगोलिमोड ही तोंडाने घ्यावयाची पहिली गोळी २०१० मध्ये उपलब्ध झाली. या काळात एक धडाही मिळाला. नॅटालिझुमॅब हे प्रभावी औषध २००४ च्या अखेरीस मंजूर झाले. मेंदूच्या एका दुर्मिळ व घातक विषाणुसंसर्गामुळे २००५ च्या प्रारंभी ते मागे घेण्यात आले. आणि कडक देखरेखीच्या अटीवर २००६ मध्ये पुन्हा दिले जाऊ लागले. औषध जितके प्रभावी, तितकी नोंदवही काटेकोर हवी, हा तो धडा होय.

ही सर्व औषधे मुख्यत्वे आजाराचे उद्रेक कमी करतात. उद्रेक म्हणजे काही दिवसांत वाढून काही आठवड्यांत ओसरणारी लक्षणे. परंतु रुग्णाचे चालणे हिरावून घेणारी प्रक्रिया पुष्कळदा निराळीच असते. उद्रेक थांबलेले असतात, एमआरआयवर नवीन डाग दिसत नाहीत, आणि तरीही दरवर्षी पाऊल थोडे अधिक जड होत जाते. काही रुग्णांत उद्रेकांच्या काही वर्षांनंतर ही अवस्था येते, तर काहींत आजाराचा आरंभच असा होतो. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, या अवस्थेत दाह रक्तातून मेंदूत येणाऱ्या पेशींपुरता राहत नाही; तो मेंदूच्या आत, बंद दाराआड चालू राहतो. मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी सतत चेतलेल्या राहतात, आवरण गमावलेल्या तंतूंना ऊर्जा अपुरी पडते आणि ते हळूहळू नष्ट होतात. हिशोबाच्या भाषेत बोलावयाचे तर हा घसारा आहे. यंत्र बाहेरून तसेच दिसते, परंतु त्याचे मूल्य दरवर्षी घटत असते.

हा घसारा मोजावयाचा कसा? अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कर्ट्झके यांनी १९८३ मध्ये शून्य ते दहा अशी एक श्रेणी मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. शून्य म्हणजे तपासणीत कोणताही दोष नाही. सहा म्हणजे शंभर मीटर चालण्यासाठी काठीचा आधार आवश्यक. सात म्हणजे बहुतांश वेळ चाकाच्या खुर्चीत. चारवरून सहावर जाणे म्हणजे कागदावर दोन अंक होत. घरात त्याचा अर्थ एखाद्या शिक्षिकेची नोकरी सुटणे, एखाद्या शेतकऱ्याचे शेतावर जाणे थांबणे, असा असतो. म्हणूनच नवीन औषधांच्या चाचण्यांत 'किती उद्रेक झाले' याबरोबरच 'किती जणांचे अपंगत्व वाढले व ती वाढ तीन किंवा सहा महिने टिकून राहिली' हा प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नाचे एक होकारार्थी उत्तर २०१७ मध्ये मिळाले. आरंभापासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसच्या ७३२ रुग्णांवर ऑक्रेलिझुमॅब या औषधाची चाचणी झाली. 'बी' प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी कमी करणारे हे औषध आरंभीच्या मात्रेनंतर सहा महिन्यांतून एकदा शिरेतून दिले जाते. औषधाविना असलेल्या गटात ३९.३ टक्के रुग्णांचे अपंगत्व वाढले, तर औषध घेणाऱ्यांत ३२.९ टक्क्यांचे. पुढे सिपोनिमोड या गोळीच्या चाचणीत, उद्रेकांनंतर वाढत्या अवस्थेत गेलेल्या सुमारे साडेसोळाशे रुग्णांत, हेच आकडे ३२ आणि २६ टक्के असे आले. २०१९ मध्ये अमेरिकेत ते औषध मंजूर झाले.

या आकड्यांपाशी आम्ही आपणांस थोडे थांबण्याची विनंती करतो. ऑक्रेलिझुमॅबचा निष्कर्ष दोन प्रकारे सांगता येतो. 'अपंगत्व वाढण्याचा धोका २४ टक्क्यांनी घटला' असे म्हणता येते. आणि 'शंभर रुग्णांना औषध दिले असता त्या काळात सुमारे सहा जणांची घसरण टळली' असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले विधान माहितीपत्रकावर शोभून दिसते. दुसरे रुग्णाच्या नातेवाइकांसमोर बसून सांगावयाचे असते. आमच्या समुपदेशकांनी नेहमी दुसरेच सांगावे, असा आमचा आग्रह आहे. घर गहाण टाकून औषध घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला हे औषध गेलेली शक्ती परत आणत नाही, जाण्याचा वेग कमी करते, आणि तेही सर्वांमध्ये नव्हे, हे आधी कळले पाहिजे. परंतु याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. शंभरांतील सहा ही संख्या लहान म्हणून ती सोडून द्यावी काय? ते सहा जण कोण, हे आपणांस कधीच कळत नाही. ज्याची काठी टळली तो आभार मानावयास येत नाही, कारण काठी टळली हे त्यालाही ठाऊक नसते. देणगीदारांपुढे फलक लावावा असे येथे काही नसते. सर्वच अपंगत्वप्रतिबंधक कार्याची हीच अडचण आहे आणि तीच त्याची थोरवीही आहे.

संशोधनाच्या वहीत जमेबरोबर अपयशाच्या नोंदीही आहेत, आणि त्या लपविल्या जात नाहीत, याचे आम्हास विशेष वाटते. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या सिम्व्हास्टॅटिन या स्वस्त गोळीने १४० रुग्णांच्या चाचणीत मेंदू आक्रसण्याचा वार्षिक वेग ४३ टक्क्यांनी कमी केल्याचे २०१४ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. त्या आशेची शहानिशा करण्यासाठी ९६४ रुग्णांवर मोठी चाचणी हाती घेण्यात आली. २०२४ मध्ये तिचा निष्कर्ष जाहीर झाला : अपंगत्वाच्या वाढीवर या गोळीचा परिणाम होत नाही. त्यापूर्वी २०२० मध्ये अमिलोराइड, फ्लुऑक्सेटिन आणि रिलुझोल या तीन जुन्या औषधांची ४४५ रुग्णांवर एकत्रित चाचणी झाली; तिन्ही निष्प्रभ ठरली. या चाचण्यांत भाग घेणाऱ्या रुग्णांनी आपल्या आयुष्यातील वर्षे दिली आणि त्याबदल्यात जगाला 'हा मार्ग नाही' एवढे ज्ञान दिले. आमच्या मते हेही दानच आहे.

अशा अपयशांतून चाचणीची पद्धतच सुधारली. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये 'ऑक्टोपस' नावाची चाचणी सुरू झाली. तीत एकाच वेळी अनेक औषधे तपासता येतात. पहिल्या टप्प्यात एमआरआयवरून मेंदू आक्रसण्याचा वेग पाहावयाचा, निरुपयोगी औषध तेथेच वगळावयाचे, आशादायक औषध पुढे न्यावयाचे आणि रिकाम्या जागी नवीन औषध घ्यावयाचे, अशी तिची रचना आहे. प्रत्येक औषधासाठी वेगळी चाचणी उभारण्यात जाणारी वर्षे व पैसा दोन्ही त्यामुळे वाचतात. पहिल्या औषधांत मेटफॉर्मिन आहे, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मधुमेहासाठी असणारी ही गोळी! वृद्ध उंदरांच्या मेंदूतील मायेलिन पुन्हा तयार करण्याची क्षमता मेटफॉर्मिनने परत येते, असे केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये आढळले होते. माणसात तसे घडते किंवा नाही, हे चाचणीच ठरवील. तोपर्यंत कोणीही स्वतःच्या मनाने ही गोळी एमएससाठी घेऊ नये, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे.

दुसरी दिशा मेंदूच्या आतील दाहाची. टोलेब्रुटिनिब या गोळीचे वैशिष्ट्य असे की, ती रक्त व मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडून आत पोहोचते आणि चेतलेल्या पेशींना शांत करते. ज्यांचे उद्रेक थांबले आहेत परंतु अपंगत्व वाढतच आहे, अशा ११३१ रुग्णांवरील तिच्या चाचणीचा निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने टिकून राहिलेली घसरण औषधाविना ३०.७ टक्के, तर औषधासह २२.६ टक्के रुग्णांत आढळली. याच औषधाने उद्रेकांच्या बाबतीत मात्र आधीच्या एका गोळीपेक्षा सरस काम केले नाही. उद्रेक आणि अपंगत्व या दोन निराळ्या प्रक्रिया आहेत, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. परंतु काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाली असल्याने या औषधाचा पुढील मार्ग सोपा राहिलेला नाही. पुन्हा तोच धडा : प्रभावाबरोबर देखरेख.

आता आपल्या रुग्णालयाकडे वळू. परदेशात मंजूर होणारे प्रत्येक नवीन औषध आपल्या रुग्णाच्या आवाक्यात येईल, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. परंतु सर्व मार्ग बंद आहेत, असेही नाही. रिटुक्सिमॅब हे ऑक्रेलिझुमॅबच्याच जातकुळीतील जुने औषध आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचे भारतीय समतुल्य २००७ मध्ये बाजारात आणले, आणि त्यानंतर इतर भारतीय उत्पादनेही आली. स्वीडनमधील २०० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्या ३ टक्के रुग्णांत उद्रेक झाला, तर डायमिथाइल फ्युमरेट घेणाऱ्यांत १६ टक्क्यांत. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रथमच एमएसवरील औषधांचा समावेश केला. त्या तीन औषधांत रिटुक्सिमॅब आहे. याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आरंभापासून वाढत जाणाऱ्या एमएसवर २००९ मध्ये झालेल्या चाचणीत त्याचा एकंदर परिणाम सिद्ध झाला नाही. तरुण आणि सक्रिय दाह असलेल्या रुग्णांतच लाभाची चिन्हे दिसली. अर्थ एवढाच की, जे द्यावयाचे ते लवकर दिले पाहिजे. घसरण सुरू होऊन गेल्यावर दिलेल्या रुपयापेक्षा आधी दिलेला रुपया अधिक मोलाचा.

नेमकी येथेच आमची प्रशासकीय अडचण आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, आपण १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतो आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. ही योजना अनेकांचा आधार आहे. परंतु तिची मांडणी खाटेभोवती आहे आणि एमएसचा रुग्ण खाटेवर क्वचितच दिसतो. तो वर्षातून दोनदा काही तास सलाईन लावून घेण्यासाठी येतो आणि उरलेले वर्ष घरी असतो. कायद्याचेही तसेच आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते एकवीस झाले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. तथापि त्यातील बहुतेक लाभ ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रानंतर सुरू होतात. जे अपंगत्व येऊन ठेपले ते कायदा मोजतो. जे टाळावयाचे आहे त्याची जबाबदारी कोणी तरी स्वेच्छेने घ्यावी लागते. धर्मादाय संस्थेचे स्थान आमच्या मते तेथे आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन प्रस्ताव विनम्रपणे ठेवीत आहोत.

पहिला, एमएसच्या गरजू रुग्णांच्या सहामाही मात्रांसाठी स्वतंत्र राखीव निधी असावा. पैशाअभावी मात्रा लांबली, तर आधीच्या मात्रेवर झालेला खर्चही अंशतः वाया जातो. मात्रेपूर्वीची हिपॅटायटिस 'बी' व क्षयरोगाची तपासणी आणि आवश्यक लसीकरण यांचा खर्चही याच निधीतून व्हावा, कारण रोगप्रतिकारशक्ती कमी करणारे औषध या तपासण्यांशिवाय देणे योग्य नाही.

दुसरा, प्रत्येक रुग्णाची सहामाही नोंद ठेवावी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. २५ फूट अंतर चालावयास लागणारा वेळ आणि नऊ छिद्रांच्या पाटीत खुंट्या बसवून पुन्हा काढण्यास लागणारा वेळ, या दोन मान्यताप्राप्त चाचण्यांस घड्याळ, फरशीवरील दोन रेघा आणि एक लहानशी पाटी पुरते. पाच वर्षांनी हीच वही आपणांस सांगेल की, आपला पैसा कोठे गेला. ज्या रकान्याचा आम्ही प्रारंभी उल्लेख केला, तो आपणच आखावयाचा आहे.

तिसरा, फिजिओथेरपी विभागातील सकाळची वेळ या रुग्णांसाठी राखून ठेवावी. शरीराचे तापमान वाढले की एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात; श्रमानंतर रुग्णाची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदविले होते. आपल्याकडील चैत्र-वैशाखात दुपारी बाराची वेळ देणे म्हणजे रुग्णाला चालण्याऐवजी थकवून परत पाठविणे होय. स्नायूंची ताठरता, तोल, मूत्राशयाचे विकार, पडण्यापासून बचाव यांवरील काम हे औषधाला पर्याय नाही. परंतु औषधाने टिकवून ठेवलेली शक्ती वापरात राहावी यासाठी ते अपरिहार्य आहे.

मित्रहो, २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यातील सुमारे एक कोटी व्यक्तींच्या नोंदींवरून असे दिसून आले की, एप्स्टाइन-बार या सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. कदाचित पुढील पिढीत हा आजार होऊच न देणारी लस येईल. लक्षात घ्यावे की, तो शोध लागला तो सैनिकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवल्यामुळे. पुढे काय उपयोगी पडेल, हे ठाऊक नसताना कोणी तरी नोंद ठेवली. तेवढी शिस्त आपणही अंगी बाणवू शकतो.

औषधे शोधणे हे आपल्या आवाक्यातील काम नाही. शोधलेले औषध योग्य रुग्णाला, योग्य वेळी, खरी माहिती देऊन आणि खंड न पडता मिळेल, एवढे पाहणे मात्र पूर्णतः आपल्या हाती आहे. पुढील वर्षी याच सभेत या रुग्णांच्या चालण्याच्या वेळेचे पहिले कोष्टक आम्ही सादर करू, अशी आपण आम्हास संधी द्यावी. त्यातील आकडे पूर्वीच्याइतकेच राहिले असतील, तर कोणालाही त्यात प्रगती दिसणार नाही. परंतु या आजारात स्थिर राहिलेला आकडा हीच मिळकत आहे, हे आज येथे उपस्थित असलेले आपण सर्वजण जाणून असाल.